पोलरायझर घेताना

पोलरायझर म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे आट्यांनी बसवायचा, फिरवून चकाकी कमी करणारा फिल्टर. लेन्सच्या पुढच्या कडेवर शून्याला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं. त्यापुढचा आकडा, ५८ किंवा ६७, म्हणजे तुझ्या फिल्टरचं माप मिलिमीटरमध्ये. दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या मापाचा एकच चांगला घे, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लाव. स्वस्तातले तीन घेऊन पैसे घालवू नकोस रे. मल्टिकोटिंग, म्हणजे काचेवरचं परावर्तन कमी करणारे थर, हवंच.

दुकानात पांढऱ्या कागदासमोर धर. पिवळट किंवा निळसर झाक दिसली तर ठेवून दे. मग लेन्सवर बसणारी आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे बघ आणि सावकाश फिरव. एका ठिकाणी स्क्रीन जवळजवळ काळी पडायला हवी.

निळ्या आभाळासाठीच हा फिल्टर, असं बरेच जण समजतात. खरी मजा पावसाळ्यात ताम्हिणी घाटात! ओल्या पानांवरची पांढुरकी चकाकी फिल्टरची रिंग फिरवताच उतरते आणि आतला गर्द हिरवा वर येतो. मात्र एक-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ट्रायपॉड जवळ ठेव. १६-१८ मिमीच्या वाइड लेन्सवर आभाळ निम्मं गडद, निम्मं फिकं येतं. तिथे काढूनच टाक.