सरांनी भाकरी बंद केली, आता कोणाचे ऐकायचे?

स्पर्धांचा हंगाम जवळ आला की सोलापुरातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एकच काळजी निरनिराळ्या घरांतून येऊ लागते. आई सांगते की मुलगी जेवत नाही, मुलगी सांगते की सरांनीच असे खायला सांगितले आहे, आणि दोघींनाही पडलेला प्रश्न असा की, सर चुकत असतील तर त्यांना ते सांगायचे कसे. तालमीतली मुले, खो-खोच्या मुली, धावपटू अशा सगळ्यांकडून तो ऐकल्यामुळे त्यांतला एक अनुभव, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडते.

१५०० मीटर धावणारी १७ वर्षांची ही मुलगी मोहोळकडच्या एका गावाहून येऊन शहरात मावशीकडे राहत होती. आईने तिचा डबा माझ्या टेबलावर उघडूनच दाखवला. त्यात काकडीच्या चकत्या होत्या, दोन उकडलेल्या अंड्यांचा पिवळा बलक काढून टाकलेला पांढरा भाग होता, आणि तळाशी आईने पुडीत बांधून दिलेली कडक भाकरी व शेंगाचटणी जशीच्या तशी होती. भात-भाकरी बंद करून वजन ४७ किलोवर आणायचे, असा सरांचा आदेश होता. वजन उतरले तशी आरंभी वेळ सुधारली, पुढे ती घसरू लागली आणि नडगी दुखू लागली. चार महिने पाळी आली नसल्याचे तिने मी विचारल्यावर सांगितले, तेही "मेहनत केली की असं होतंच, सीनियर मुली म्हणतात" अशा सहज स्वरात.

मेहनतीने असे होत नाही. मेहनतीच्या मानाने खाणे कमी पडले की होते. ऊर्जा पुरेनाशी झाली की शरीर आधी पाळी आणि हाडांची डागडुजी यांवरचा खर्च थांबवते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला २०१४ साली स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलांमध्येही आढळते हे स्पष्ट केले. मी तिला प्रथम डॉक्टरांकडे पाठवले, कारण दुखऱ्या हाडाशी संवाद साधून ते भरत नाही.

माझे सहकारी अशा मुलीला ठामपणे बोलायला शिकवतात. सतरा वर्षांच्या मुलीने सरांसमोर ठाम व्हावे, ही अपेक्षा मैदान न पाहिलेल्या माणसाचीच असू शकते. अडचण एकट्या माणसात नसून माणसा-माणसांमधल्या नात्यात असते, असे मी वर्षानुवर्षे मानत आले आहे, म्हणून मी तिला वेगळेच विचारले.

"सरांना तुझ्याबद्दल काय काय माहीत आहे?"

"वेळ आणि वजन."

"आणि काय माहीत नाही?"

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग बोटांवर मोजू लागली: पाळी, नडगी, दुपारी वर्गात येणारी चक्कर, रात्री भुकेने येणारी जाग. सरांचा सल्ला चुकीचा होता हे खरेच; पण तो दोनच आकड्यांवर उभा होता, हे त्या वेळी तिच्याही ध्यानात आले.

सर आले ते अंग चोरूनच बसले. ४७ हा आकडा कुठून आला, असे मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांच्या सरांनी त्यांना असाच एक आकडा दिला होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडम, पोरं खाण्याचं मलाच विचारतात. माहीत नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्या ग्राउंडवर जातील." त्यावर मी काही बोलण्याआधीच मुलगी म्हणाली, "मी नसते गेले, सर. शेवटच्या दोनशे मीटरला कधी सुटायचं, ते तुम्हीच शिकवलंय." मी मुद्दामच मध्ये बोलले नाही. सर मान खाली घालून रुमालाची घडी घालत राहिले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टर काय म्हणाले, हा. आहाराचे अज्ञान ही लहान गोष्ट आहे, ते एका दुपारी दूर होते. अज्ञान कबूल केले तर मान जाईल ही भीती मोठी, आणि ती शिष्याच्या तोंडूनच जावी लागते, असे मला त्या दिवशी उमगले.

आता पालकांसाठी. सरांकडे "तुमचं चुकतंय" असे म्हणत जाऊ नका, शरीराची बातमी घेऊन जा. पाळी सलग तीन महिने चुकली, हाडाचे एकाच जागचे दुखणे हटेना, किंवा मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले, तर आधी डॉक्टर आणि मग मैदान. मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूचे मुख्य इंधन पिष्टमय पदार्थच असतात, त्यामुळे ज्वारीची भाकरी तिची शत्रू नव्हे. खेळाडूला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या मुलीला किमान ६० ग्रॅम. दोन अंड्यांच्या पांढऱ्या भागातून जेमतेम सात मिळतात. पाणी तोडून वजन उतरवण्याच्या नादात १९९७ साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्लांचा जीव गेला होता, आणि आपल्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात तर हा खेळ अजिबात नको. कोणी पावडरीचा डबा हातात दिलाच, तर उत्तेजक चाचणीत सापडल्यास जबाबदारी देणाऱ्याची नसून खेळाडूची धरली जाते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

त्या हंगामात ती धावली नाही. सरांनी मैदानावरचा सर्वांदेखतचा वजनकाटा बंद केला आणि मुलींना आहारतज्ज्ञाकडे पाठवायला सुरुवात केली. सगळेच सर असे ऐकतील असे नाही. जे ऐकत नाहीत त्यांच्याशी बोलण्याचे काम मुलांवर न टाकता आई-वडिलांनी करावे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही जेवणावरची बंदी उठत नसेल, तर मैदान बदलावे.