कृतीत न लिहिलेला थंडावा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रियातल्या त्या घरातून तुला मिळालेली लिंझर बिस्किटांची, म्हणजे दोन चकत्यांमध्ये जॅम भरलेल्या बिस्किटांची, कृती वाचली. प्रमाण चोख आहे: मैदा 200 ग्रॅम, बदामाची पूड 100, लोणी 200, पिठीसाखर 100. पीठ (मैदा आणि बदामाची पूड मिळून), लोणी, साखर यांचं हे 3-2-1 माप वजनाचं आहे, वाटीचं नव्हे. वाटीत मैदा दाबून भरला की 20-30 ग्रॅम सहज जास्त जातो.

पण ही बिस्किटं तिकडे नाताळाआधी, कडाक्याच्या थंडीत करतात. त्यामुळे थंडाव्याचा उल्लेख करायची गरजच कुणाला वाटत नाही. आपल्याकडे तो मुद्दाम आणावा लागतो. लोणी बिनमिठाचं घे, फ्रीजमधून काढल्याबरोबर तुकडे कर आणि बोटांच्या टोकांनी पिठात चोळ. तळव्याने मळलंस तर उबेने लोणी वितळेल, मैद्याला चिवटपणा येईल आणि बिस्किटं भाजताना आक्रसतील. एका अंड्याच्या बलकात गोळा जेमतेम जमला की हात आवर. चपटा करून तासभर फ्रीजमध्ये ठेव. लाटताना मऊ पडला तर मैदा भुरभुरत बसू नकोस, बिस्किट कोरडं होतं. परत गार कर. जाडी 3 मिलिमीटर. कापलेल्या चकत्याही 15 मिनिटं गार करूनच 170 अंशांवर 10-12 मिनिटं भाज. वर बसणाऱ्या, मधे भोक पाडलेल्या चकत्या लवकर होतात, त्यांचा ट्रे वेगळा ठेव. कडा किंचित सोनेरी दिसल्या की काढ. मऊ वाटल्या तरी निवल्यावर खुटखुटीत होतात.

मसाल्यात दालचिनी एक चमचा, लवंगा मात्र चार-पाचच. जास्त झाल्या तर कडवट चव येते, जीभ बधिर होते. लिंबाची साल वरवर किस, पांढरा भाग नको.

तिकडे आत रेड करंट या छोट्या लाल फळांचा आंबट जॅम असतो. इथे प्लमचा किंवा रासबेरीचा चालेल. नुसता गोड मिक्स्ड फ्रूट जॅम घातलास तर मसाला दबतो, म्हणून तो मला अजिबात पसंत नाही. जॅम उकळून आटव. गार बशीवर टाकलेला थेंब ओघळेनासा झाला की गरमच, पातळ थर लाव. सैल राहिला तर बिस्किटं लिबलिबीत होतात. वरच्या चकत्यांवर पिठीसाखर जोडण्याआधीच भुरभुरव, म्हणजे भोकातला जॅम लखलखीत राहतो. मग डब्यात भर आणि दुसऱ्या दिवशी खा. रात्रभरात मसाला मुरतो.

तुझी,
मावशी

ता. क. बदाम दळताना त्यातच थोडी पिठीसाखर घाल आणि मिक्सर थांबत थांबत फिरव. सलग फिरवलास तर तेल सुटून लगदा होईल.