‘३०.१०’ फूट आणि ९.१७ मीटर: घोळ टिंबाचा आहे

दादा, तुमच्या सेलूच्या प्लॉटची रुंदी खरेदीखतात ‘३०.१० फूट’, नकाशात ९.१७ मीटर, अन्‌ टेप लावला की ९.४० भरते. विकणारा म्हणतो, मीटरमध्ये थोडं इकडंतिकडं होतंच. काही होत नसतं. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, १९५९ पासून ठरलेलं आहे. लेआउटवाल्यानं तीस फूट दहा इंच लिहायला टिंब दिलं, पुढच्यानं ते दशांश धरून मीटर करायला ०.३०४८ नं गुणलं. दहा इंच म्हणजे ०.८३ फूट, ०.१० नव्हे. प्लॉटची लांबी पन्नास फूट धरली तर साडेछत्तीस चौरस फूट गेले की हो!

आमचं ‘२४.११’ होतं. खरे ७.५९ मीटर, कागदावर ७.३५. शेजाऱ्यानं बरोबर तेवढ्या फरकाच्या जागेत नऊ इंची भिंत घातली. कचेरीतला बाबू (कचेरीचं नाव घेत नाही, अजून तिथंच काम पडतं) म्हणे, ‘संगणकानं काढलंय, चुकत नसतं.’ अरे, गुणाकार बरोबरच आहे, आत काय घातलंस ते बघ ना! मग म्हणे मूळ कागद दुसऱ्या कचेरीतला, तिकडं जा. तिकडचे म्हणणार, नकाशा इकडचा. अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारायलासुद्धा जिवावर येतं यांच्या.

तुम्ही एक करा. पूर्ण लेआउटचा नकाशा काढून टिंबानंतरचे आकडे बघा. कुठंच ११ च्या वर काही नसेल, २५, ५०, ७५ असलं एकही सापडत नसेल, तर ते इंचच. ओळीतल्या प्लॉटांच्या रुंदीची बेरीजही रस्त्याच्या बाजूशी लावून बघा. माझं काम शेवटी चूक दुरुस्ती दस्तानं, म्हणजे खरेदीखतातली चूक सुधारणाऱ्या नव्या दस्तानं झालं. विकणारा गावातच होता अन्‌ सहीला आला, म्हणून. तुमचाही हाताशी आहे तोवर उरका. नव्या दस्तात ‘तीस फूट दहा इंच’ अक्षरी घाला, अन्‌ मीटर गुणून नव्हे, टेपाच्या मीटरच्या बाजूनं वाचून. मी वकील नाही, मोजणीवालाही नाही. दस्ताचा मसुदा वकिलाला दाखवूनच करा.

पाइपलाइनचंही विचारलंय तुम्ही. तिथं गुणाकार करूच नका. दुकानात ‘दोन इंची’ पीव्हीसी म्हणजे ६३ मिलिमीटर, ‘अडीच इंची’ ७५, ‘तीन इंची’ ९०, अन्‌ हे सगळे बाहेरून मोजलेले. जुन्या लोखंडी लाइनला जोडायचं असेल तर तिचा तुकडाच सोबत न्या.