कांडी की पंप?

"मॅडम, कांडी बसवू की पंप? एवढंच सांगा." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या गृहस्थांनी विचारलं. ताठरता येत नसेल तर ऑपरेशन करून लिंगात बसवायच्या इम्प्लांटचे हे दोन प्रकार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय ५६, मधुमेह जुना. दीड वर्षापूर्वी लिंगावर गाठ हाताला लागली, मग ताठरता आली की बाक दिसू लागला. पुढे ताठरताच कमी झाली. बायकोला काही न सांगता ते वर्षभर बाहेरच्या खोलीत झोपत होते.

"तरुणपणी केलेल्या चाळ्यांचं फळ आहे हे," ते म्हणाले. हे ओझं आधी उतरवणं मला जास्त गरजेचं वाटलं. हा पेरोनीचा आजार. फ्रान्सच्या राजाच्या शल्यवैद्याने १७४३ मध्येच त्याचं वर्णन केलंय. लिंगाच्या आतल्या आवरणात व्रणासारखा कडक पट्टा धरतो, तेवढा भाग ताणला जात नाही, म्हणून बाक येतो. यात पापाचा काही संबंध नाही.

ताठरता चांगली असेल तर इम्प्लांट लागतच नाही, टाके घालून बाक कमी करता येतो. ऑपरेशनआधी दुखणं थांबून बाक काही महिने स्थिर व्हावा लागतो. यांचा बाक स्थिर होता. गोळ्या आणि इंजेक्शन दोन्ही करून झाली होती. म्हणून त्यांचा प्रश्न रास्त होता.

कांडी म्हणजे वाकवता येणाऱ्या दोन सळ्या. खर्च कमी, बिघडण्यासारखं फारसं काही नाही, भारतात बनणारी शाह प्रोस्थेसिस याच प्रकारातली. पण लिंग कायम कडकच राहतं. माणसांनी भरलेल्या घरात काहींना त्याचा संकोच होतो. तीन भागांच्या पंपात नळ्या लिंगात, पंप वृषणाच्या पिशवीत आणि पाण्याची टाकी पोटात. हवं तेव्हा ताठ, एरवी सैल. बाक मोठा असेल तर सर्जन बहुधा याकडेच झुकतात, कारण ऑपरेशनच्या वेळी नळ्या फुगवून लिंग उलट दिशेला दाबून सरळ करता येतं. खर्च मात्र कितीतरी जास्त, आणि काही वर्षांनी यंत्र बिघडलं तर पुन्हा ऑपरेशन. गेलेली लांबी दोन्हींत परत येत नाही. एकदा बसवलं की नैसर्गिक ताठरतेकडे परतीची वाटही नसते. हे मी दोनदा सांगितलं.

मग म्हटलं, "पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या."

त्या आल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, ह्यांना मी नकोशी झाले." गृहस्थांनी मान खाली घातली.

टेबलावरचा नमुन्याचा पंप त्यांनी दाबून पाहिला. मधुमेहाने बोटं बधिर झालेल्यांना तो कधी कधी जमत नाही, यांना जमला. दोघांनी मिळून पंप ठरवला. जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून सर्जननी शुगर आटोक्यात येईपर्यंत थांबायला सांगितलंय. तारीख अजून मिळालेली नाही. अंथरूण मात्र त्याच आठवड्यात आतल्या खोलीत गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं.