पुण्याच्या कॅम्पात इतक्या जुन्या कॅथलिक शाळा कशा आल्या? लष्कराशी त्यांचा काही संबंध आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचे आजोबा भवानी पेठेतले, घरात पिढ्यान्पिढ्या मराठी, तरी १९४०च्या आसपास ते कॅम्पातल्या पाद्र्यांच्या शाळेत कसे गेले हे घरात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॅन्टोन्मेंटमधल्या अशाच एका चर्चच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि वडील फौजेत असल्यामुळे त्याआधी स्वतः चार छावण्यांतल्या शाळा पालथ्या घातल्या. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

संबंध आहे, आणि तो थेट आहे. जुने पुणेकर कॅम्पला अजूनही ‘लष्कर’च म्हणतात. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. त्यानंतर पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची कायमची छावणी पडली. आपण सहज ‘इंग्रजांची फौज’ म्हणतो, पण तिच्यात इंग्रज किती होते हे पाहायला हवं. १८३०च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातले शंभरातले बेचाळीस शिपाई आयरिश होते. दुष्काळ आणि जमीनदारांच्या खंडाने पिचलेल्या खेड्यांतली ही गरीब पोरं, आणि त्यातली बहुतेक कॅथलिक. छावणीतलं सरकारी चर्च मात्र इंग्लंडच्या पंथाचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅम्पातलं सेंट मेरीज हे १८२५चं, म्हणजे छावणीनंतर काही वर्षांतलंच. कॅथलिक शिपायांना आपलं देऊळ स्वतःच्या खिशातून बांधावं लागलं. घोरपडीकडे, एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स १८५०मध्ये उभं राहिलं ते प्रामुख्याने या आयरिश शिपायांच्या वर्गणीतून. नावच सांगतं, पॅट्रिक हा आयर्लंडचा संत. आज ते पुणे धर्मप्रांताचं, म्हणजे इथल्या बिशपच्या अखत्यारीतल्या भागाचं, कॅथेड्रल म्हणजे मुख्य चर्च आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्यात फौजेमुळे कॅथलिक चर्च येण्याची सुरुवात इंग्रजांनी केलेली नाही, पेशव्यांनी केली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याचे कॅथलिक होते. त्यांच्यातल्या दों मिगेल दे नोरोन्या या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२मध्ये क्वार्टर गेटजवळ पहिली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, झाली. तेच आजचं सिटी चर्च. पुढे किती तरी वर्षं पुण्यात कॅथलिकांचे दोन कारभार शेजारी शेजारी चालले: सिटी चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे, आणि छावणीतले शिपाई रोमहून नेमलेल्या मुंबईच्या बिशपकडे. ही ओढाताण मिटली ती १८८६मध्ये, त्याच वर्षी पुण्याचा वेगळा धर्मप्रांत झाला.

आता शाळेकडे येते. प्रत्येक पलटणीबरोबर शाळा असायची, १८१२च्या सुमारास सैन्याने तसा नियमच केला होता. तिथली शिकवण्याची पद्धत डॉ. अँड्र्यू बेल यांची, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं. हे बेल साहेब ही पद्धत मद्रासला शिपायांच्या अनाथ मुलांसाठी काढलेल्या आश्रमात शिकले होते! पण पलटणीच्या शाळेत धर्मशिक्षण सरकारी पंथाचं, आणि कॅथलिक आईबापांची तक्रार नेमकी तिथेच होती. त्याहून कठीण प्रश्न अनाथांचा. कॉलरा आणि ताप छावण्यांना पाचवीलाच पुजलेले. नवरा गेला की बाईला भत्ता मिळायचा तो थोडे महिने, मग दुसरं लग्न करायचं किंवा बोट पकडायची. पोरं मागे राहायची. ती सरकारी अनाथाश्रमात गेली तर धर्माला मुकणार, ही पाद्र्यांना खरी भीती होती. छावणीतली कॅथलिक शाळा बहुतेक ठिकाणी बोर्डिंगसकट का सुरू झाली याचं उत्तर इथे आहे. पुण्यात १८६०च्या सुमारास जीझस अँड मेरीच्या सिस्टर्स आल्या, मुलींसाठी. मुलांसाठी जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी, १८६७मध्ये सेंट व्हिन्सेंट्स काढलं.

हे जेझुइट होते जर्मन आणि स्विस. म्हणजे जर्मन बोलणारे फादर आयरिश शिपायांच्या पोरांना पुण्यात इंग्रजी शिकवत होते. मला यात नवल वाटत नाही. मी स्वतः पंजाब, केरळ, गढवालच्या मुलांना मराठीतला ‘ळ’ शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे.

पण पॅरिशची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीची शाळा, वसईकर ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याची शाळा, एका जागी मुरलेल्या वस्तीवर चालते. छावणीत वस्तीच हलती. पलटणीला हुकूम आला की महिन्याभरात वर्ग अर्धा रिकामा. मग बाकांवर कोण बसणार? जे राहिले ते. गोव्याचे बँडवाले, मेसमधले कुक आणि बटलर, १८५८मध्ये रेल्वे आली तिचे ड्रायव्हर आणि गार्ड, अँग्लो-इंडियन कुटुंबं. त्यांच्या मागोमाग पारशी, बोहरी, आणि शेवटी पेठांतले मराठी. तुमचे आजोबा या शेवटच्या रांगेतले. फी परवडत असेल आणि रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत इंग्रजीवर नोकरी मिळेल असं पणजोबांना वाटलं असेल, तर शाळेलाही असा मुलगा हवाच होता. तो मार्चपर्यंत वर्गात राहणार याची खात्री होती.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या शाळेत एका पावसाळ्यात ऑफिसची कौलं गळली आणि जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या दाखल्याच्या नोंदवह्या, भिजली. मी आणि आमचे शिपाईकाका दोन दिवस पंख्याखाली पानं सुटी करत बसलो होतो. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात एकाखाली एक: बँड्समन, फिटर जीआयपी (म्हणजे जीआयपी रेल्वेतला), खानसामा, सार्जंट, सार्जंट, क्लार्क. आणि अगदी उजवीकडे शाळा सोडण्याचं कारण. पानंच्या पानं तिथे एकच नोंद, वर्षामागून वर्षं, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत: वडिलांची बदली. माझ्या स्वतःच्या दाखल्यांवर चार वेळा तेच लिहिलेलं आहे. मला तिथे बसून रडू आलं होतं.

पहिल्या महायुद्धात या शाळांचा फार विचित्र अनुभव झाला. ज्यांनी ब्रिटिश शिपायांची मुलं वाढवली ते जर्मन फादर एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. नजरकैद झाली, आणि युद्ध संपायच्या आतच बहुतेकांना मायदेशी धाडलं. पुण्याचे बिशप हाइनरिश ड्योरिंग तेव्हा युरोपात होते, त्यांना परतच येऊ दिलं नाही. त्यांना १९२१मध्ये जपानला, हिरोशिमाला नेमलं गेलं, आणि पुण्याला ते परतले थेट १९२७मध्ये. शाळा चालू राहिल्या त्या स्विस फादरांमुळे, सिस्टर्समुळे आणि इथल्याच शिक्षकांमुळे. या इथल्या शिक्षकांची नावं कुठल्याही शताब्दीच्या अंकात नीट येत नाहीत, ही माझी जुनी खंत आहे.

१९४७नंतर गोरे गेले. अँग्लो-इंडियन कुटुंबंही इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली आणि त्यांच्या जागी आपल्या फौजेची मुलं आली. बदलीचा प्रश्न तोच राहिला. केंद्रीय विद्यालयं १९६३मध्ये निघाली तीही यासाठीच, आणि सुरुवात वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन झाली. तरीही कॅम्पात फौजी घरांतून चर्चच्या शाळेलाच पहिली पसंती असायची. ऐन सप्टेंबरात एखादं पोर जुन्या शाळेचाच स्वेटर घालून दारात उभं राहायचं. वर्गाला काही सांगावं लागायचं नाही, तिसऱ्या बाकावरची दोघं आपोआप सरकून जागा करायची.

आजोबांचा शोध घ्यायचा असेल तर शाळा नक्की माहीत करून घ्या आणि ऑफिसात लेखी अर्ज द्या. जन्मतारीख आणि सोडल्याचं साल अंदाजे असलं तरी चालतं, क्लार्क जनरल रजिस्टर उघडून बघतात. त्यांच्या वर्गमित्रांपैकी कुणी कॅथलिक फौजी घरातला असेल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत वडिलांचा हुद्दा आणि पलटणही सापडेल. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या प्रती तेव्हा लंडनला जायच्या, आता त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जाताना सकाळी अकराच्या आत जा, दुपारी ऑफिस दाखल्यांच्या गर्दीत असतं.