हॉस्टेलला पहिल्यांदा जाताना घरून काय काय न्यावं?

तू लिहिलंयस की घाटंजी तालुक्यातल्या खेड्यातून नागपूरला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, आठवड्याभरात निघायचंय, घरी गादीपासून बादलीपर्यंत सगळं बांधायची तयारी चाललीय, आणि बाबांचा खर्च वाढू नये असं तुला वाटतंय. मी आर्णीकडची. 2013 साली अमरावतीला हॉस्टेलला गेले, चार वर्षं राहिले. 2019 मध्ये धाकट्या भावाला नागपूरला मीच पोचवून आले. तुझ्याहून मोठी आहे, म्हणून तुला 'तू' म्हणते.

जे नागपुरात विकत मिळत नाही तेवढंच पहिल्या खेपेला ने. बादली, मग, उशी, हँगर, चपला हे सगळं बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात मिळतं. गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरल्यावर दोन हातांत जेवढं मावेल तेवढंच सामान असू दे. राहिलेलं दिवाळीला आणता येतं. 2023 च्या मार्चपासून एसटीत आपल्याला, म्हणजे बायकांना, निम्मंच तिकीट लागतं, त्यामुळे एक खेप जास्त झाली तरी फार भार पडत नाही.

नागपुरात न मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे कागदं. टीसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आणि तुला लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर. मूळ टीसी कॉलेज जमा करून घेतं, म्हणून देण्याआधी फोनमध्ये नीट स्कॅन करून ठेव. प्रत्येकाच्या दहा-दहा झेरॉक्स घाटंजीतच काढ. सगळं एका फाइलीत, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी तुझ्या मांडीवर. बसच्या टपावर किंवा डिकीत ती जाता कामा नये, पावसाचे दिवस आहेत. घरची शेती दोन हेक्टरच्या, म्हणजे पाच एकरांच्या आत असेल तर निघायच्या आधी तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखलाही काढून घे. खुल्या प्रवर्गातून असशील तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तो लागतो. अनुसूचित जातीतली असशील आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याणच्या कार्यालयात कर.

आता एक गोष्ट, जी सामानाच्या यादीत कोणी लिहीत नाही. तुझ्या आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते आजच बघ. भावाचं आधार बाबांच्या नंबरला जोडलेलं होतं. महाडीबीटीच्या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला तो नागपुरात सायबर कॅफेत बसायचा आणि ओटीपी जायचा गावाकडे. बाबा डवरणीला शेतात, फोन घरी खुंटीला टांगलेला, आईला मेसेज वाचता येत नाही. शेजारच्या पोराला बोलावून आकडे वाचून घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. असे तीन दिवस गेले. शेवटी भाऊ गावी आला, नंबर बदलून घेतला, मग फॉर्म भरला गेला. शिष्यवृत्तीचे पैसेही आधार जोडलेल्या खात्यातच येतात. तेव्हा गावच्या बँकेत जाऊन तुझं कोणतं खातं जोडलंय हे विचारून घे, पासबुक सोबत ठेव.

गादीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तू तिच्याबद्दलच जास्त विचारलंयस. मी निघाले तेव्हा बाबांनी घरच्या कापसातून थोडा बाजूला ठेवला होता. त्याची रुई करून गादी भरून घेतली, चार फूट रुंद, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची, वर सुतळीचे टाके. पोरगी आरामात झोपली पाहिजे म्हणून रुई जरा जास्तच टाकायला लावली. हॉस्टेलची लोखंडी खाट निघाली अडीच फुटांची. गादी एका बाजूनं लटकायची आणि रात्री माझ्यासकट खाली सरकायची. दुमडावी तर मध्ये उंचवटा. आठवड्याभरानं ती भिंतीला उभी करून ठेवली आणि दिवाळीपर्यंत मी आजीच्या लुगड्यांच्या गोधडीवर झोपले. बाबांना फोनवर सांगायचा धीर झाला नाही. दिवाळीत गादी घरी नेली तेव्हा त्यांना कळलं. ते काही बोलले नाहीत. गादीवाल्याकडे नेऊन उसवली, रुई पुन्हा पिंजून तिच्या दोन अरुंद गाद्या करून घेतल्या. दुसरी माझ्या रूममेटला दिली. ती कोरचीकडची, गडचिरोली जिल्ह्यातली, तोवर चटईवरच झोपत होती. बाबांनी तिच्याकडून एक रुपया घेतला नाही.

म्हणून गादी आता भरू नका. गोधडी मात्र नक्की ने. हलकी असते, धुता येते, पहिल्या काही रात्री खाली अंथरता येते, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी दहा अंशांच्या खाली उतरते तेव्हा अंगावर घ्यायला तीच कामी येते.

खाण्यात जवसाची चटणी. जवस आणि मिरच्या कोरड्या भाजलेल्या, लसूणही नीट परतून घेतलेला, म्हणजे ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात महिनाभर टिकते. मेसची भाजी नको वाटली की पोळीवर चटणी आणि वर थोडं कच्चं तेल. हिरव्या मिरचीचा ठेचा नेऊ नकोस, पावसाळी हवेत चार दिवसांत त्याला वास येतो. आई डबा भरताना म्हणायची, "जास्तच देतो मी, एकटीच खाऊ नोको, खोलीतल्या पोरीयले देजो." तू दोन डबे ने. पहिल्या रात्री कोणाशी काय बोलावं कळत नाही, तेव्हा डबा उघडला की आपोआप बोलणं सुरू होतं.

कपडे पाच-सहा जोड पुरेत, लवकर वाळणारे. नायलॉनची दोरी ने, ऑगस्टात कपडे खोलीतच वाळवावे लागतात. पॅड महिनाभराचे सोबत ठेव, पहिल्याच आठवड्यात दुकान शोधत फिरायला नको. दोन चांगली कुलपं, एक कपाटाचं, एक बॅगेचं. घरच्यांचे तीन नंबर कागदावर लिहून ठेव, फोन बंद पडला तर पाठ नसतात. लोखंडी पेटी नको, ती उचलायला दुसरा माणूस लागतो. पाणी तापवायचा रॉड आणि शेगडी बऱ्याच हॉस्टेलांत चालत नाही, जप्त होते, तेव्हा आधी विचार. कूलरचं एप्रिलमध्ये बघता येईल. खोलीतल्या सगळ्या मिळून एक घेतात, तेही हॉस्टेल परवानगी देत असेल तरच. तोंडाला बांधायला सुती दुपट्टा मात्र आत्ताच टाक, ऑक्टोबरचं ऊनही कमी नसतं.

शिवणाच्या डब्यातली मापाची टेप बॅगेत टाक. खोली मिळाली की सामान लावायच्या आधी खाटेची लांबी-रुंदी मोज आणि बाबांना फोनवर सांग. गादी भरायला ते तेव्हा टाकतील.