उशाशी उभं राहण्याआधी

प्रिय मुली,

इथे अमेरिकेत भूल देणारी नर्स, म्हणजे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, होण्याच्या शिक्षणासाठी तू अर्ज करते आहेस, त्याबद्दलचा तुझा मेल आणि अर्जासाठीचा निबंध काल नाइट ड्यूटीवरून आल्यावर वाचला. आल्या आल्या झोपायची माझी सवय, पण निबंध वाचून झोप उडाली, म्हणून लगेच लिहायला बसले.

पहिल्याच ओळीत तू म्हणतेस, लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती. ते खरं असेल, माझंही खरं होतं. पण निवड समितीपुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक निबंधाची सुरुवात हीच असते. तुझा खरा निबंध तिसऱ्या परिच्छेदात दडलाय. पहाटे तीनला सेप्टिक शॉकचा (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला) पेशंट, रक्तदाब वाढवणारं नॉरएपिनेफ्रिन वाढवत नेलं तरी मॅप, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ च्या वर टिकेना, तेव्हा तू डॉक्टरांना उठवलंस आणि व्हॅसोप्रेसिन हे दुसरं औषध जोडू या का, असं विचारलंस. ते वर आण. आणि डॉक्टर काय म्हणाले हे लिहिण्याआधी तुझ्या मनात त्या क्षणी काय हिशेब चालला होता ते लिही. समितीला तो हिशेब बघायचा असतो.

हे मला माझ्या पहिल्या मुलाखतीत कळलं, फार महाग किमतीला. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या या पेशंटला नॉरएपिनेफ्रिनच का? फिनाइलेफ्रिन का नाही?" मी ताठ बसून म्हटलं, "आमच्या युनिटचा प्रोटोकॉल आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि प्रोटोकॉलचा कागद नसता तर?" मला पुढे बोलता आलं नाही. महिन्याभराने नकार आला. उत्तर अवघड नव्हतं गं. फिनाइलेफ्रिन फक्त रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे हृदयाला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं, ठोके मंदावतात आणि एकूण रक्तप्रवाह कमी होऊ शकतो. नॉरएपिनेफ्रिन वाहिन्या आवळता आवळता हृदयालाही थोडा हात देतं. मी चार वर्षं ते ड्रिप रोज लावत होते. 'का' हा प्रश्न मात्र स्वतःला कधी विचारला नव्हता.

ही सवय आपण कुठून आणतो तेही सांगते. माझ्या पहिल्या वॉर्डात, तिकडे महाराष्ट्रात, 'का' विचारणं म्हणजे उलट बोलणं होतं. डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग दे. मी तशी घडले, तूही तशीच घडलीस, तुझ्या मेलमधल्या 'सरांनी सांगितल्याप्रमाणे'वरून ते दिसतंच. तिकडे भूल देणारे डॉक्टर असतात, नर्स नाही. इथे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट पेशंटच्या उशाशी उभी राहते, आणि बऱ्याच लहान गावांतल्या हॉस्पिटलांत तर भूल देणारी तीच एकटी असते. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध गेल्यावर पेशंटचा बीपी कोसळला तर तिथे तुला 'सर' मिळणार नाहीत.

आणि हे काम नर्सने करायचं, ही कल्पना इथे कालपरवाची नाही. पेनसिल्व्हेनियातल्या इरी इथे सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ मध्ये भूल देऊ लागल्या. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये स्वतः दिलेल्या १४,००० हून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. त्यांच्याकडे ना मॉनिटर होता, ना पल्स ऑक्सिमीटर. ईथर थेंबाथेंबाने सोडायचं, पेशंटशी बोलत राहायचं, आणि त्याचा श्वास, रंग, डोळे बघत राहायचं. मुलाखतीआधी मी दर वेळी त्यांचं नाव आठवते. मला धीर येतो.

आता एक प्रसंग सांगते, जो मी दुसऱ्या मुलाखतीत सांगितला. त्यांनी विचारलं होतं, तुमची एखादी चूक सांगा. बायपासनंतरचा पेशंट, आर्टेरियल लाइन (धमनीतून सतत रक्तदाब मोजणारी नळी) लावलेली, तो दाब वाचणारा ट्रान्सड्यूसर पोलवर अडकवलेला. कूस बदलायला आम्ही दोघींनी बेड वर घेतला, वीतभर तरी असेल. काम झालं, बेड तसाच राहिला. मॉनिटरवर मॅप ७२ दिसू लागला. मला बरं वाटलं आणि मी नॉरएपिनेफ्रिन कमी करायला घेतलं. दोनदा कमी केलं. मग लक्षात आलं की पेशंटचे हात गार पडलेत आणि तासाभरात लघवी जेमतेम १० मिली झालीये. आकडा एक सांगतोय, माणूस दुसरंच. मी ट्रान्सड्यूसरकडे बघितलं, तो छातीच्या मधल्या रेषेपासून वीतभर खाली होता. हृदयाच्या पातळीला आणून पुन्हा शून्य केला तर मॅप ५६. हा फरक हिशेबात बसतो, दर १० सेंटिमीटरला साधारण साडेसात. डोस परत वाढवला, डॉक्टरांना कळवलं, चार्टमध्ये सगळं लिहिलं. पेशंट सुखरूप घरी गेला. ही गोष्ट सांगताना माझा आवाज कापत होता आणि मी तो लपवला नाही. त्याच वर्षी माझी निवड झाली. म्हणून सांगते, 'मी जरा जास्तच कष्ट करते' असली गोड चूक घेऊन जाऊ नकोस. खरी सांग, आणि ती तू कशी पकडलीस ते सांग.

कागदपत्रांचं लगेच हाती घे, कारण त्यात वेळ जातो. तुझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि नंतरचं पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन्हींच्या मार्कलिस्टा आणि ट्रान्सक्रिप्ट लागतील. बीएस्सीचं ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून मागवायचं आहे. भावाला आत्ताच सांगून ठेव. मग विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागेल. आपले ६२ टक्के म्हणजे तिकडे फर्स्ट क्लास, पण इथल्या माणसाला तो आकडा बघून धक्का बसतो. त्यावर माझा एकच उपाय आहे: जवळच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री किंवा स्टॅटिस्टिक्सचा एक कोर्स कर आणि त्यात ए मिळव. दहा वर्षांपूर्वीच्या मार्कांपेक्षा गेल्या सेमिस्टरचा ए मोठ्याने बोलतो.

क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूचा, किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तुझा अडीच वर्षांचा आहे, पुरे. सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सची प्रमाणपत्र परीक्षा, मात्र अर्ज करण्याआधी दे. तिची दोन वर्षांत १,७५० तास कामाची अट तू कधीच पूर्ण केलीयेस. ओळखीच्या एखाद्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टबरोबर एक अख्खा दिवस उभी राहा. पेशंट शुद्धीवर येताना, ट्यूब काढायच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत तिचं लक्ष कुठे आहे ते बघ. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून नको, जिने तुला वाईट रात्री काम करताना पाहिलंय त्या चार्ज नर्सकडून घे.

पैशाचं बोलते, कारण तू ते विचारलं नाहीस आणि ते टाळल्यासारखं वाटलं. २०२२ पासून या शिक्षणात नव्याने येणारे सगळे डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमालाच बसतात, किमान तीन वर्षं, आणि नोकरी करत ते झेपत नाही. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुला फेडरल कर्ज मिळू शकतं, पण ग्रॅड प्लस हे उरलेल्या खर्चासाठीचं फेडरल कर्ज २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलंय. म्हणून अर्जाआधीच प्रत्येक ठिकाणच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला फोन करून विचार की उरलेली फी विद्यार्थी कशी भरतात. आणि घरी बोल. दर महिन्याला तू घराच्या हप्त्यासाठी पैसे पाठवतेस, ते तीन वर्षं थांबतील किंवा कमी होतील. हे आई-बाबांना निवड झाल्यावर सांगू नकोस, आज सांग. आधी त्यांना वाईट वाटेल. माझ्या बाबांनी आठवडाभर फोन घेतला नव्हता, मग स्वतःच फोन करून विचारलं, पुस्तकं किती रुपयांची येतात.

तुला यंदाच अर्ज करायचाय की पुढच्या वर्षी, असं तू शेवटी विचारलंस. यंदाच कर. नकार आला तर पुन्हा कर. मी दोनदा केला.

निबंध दुरुस्त करून शनिवारपर्यंत पाठव. रविवारी रात्री, तुझ्या वेळेने आठला, मी फोन करेन. त्या सेप्टिक शॉकच्या रात्रीची हकीकत पहिल्यापासून सांग, मी मध्ये मध्ये फक्त 'का' विचारत जाईन. जिथे अडशील तिथे 'मला माहीत नाही' म्हण आणि वहीत लिहून ठेव.

तुझी,
ताई